फ्रीहब बॉडी बदला, घाटासाठी गिअर हलके करा

ग्रॅव्हल सायकलवर सामान बांधून वरंध घाट चढताना शेवटचा गिअरही जड वाटायला लागला, की पहिला विचार येतो मागे मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, टाकण्याचा. शिमानो कंपनीच्या जीआरएक्स या ग्रॅव्हल सेटमध्ये, पुढे पायडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागे ११ चकत्या (११-स्पीड) असतील तर, ही वाट लवकर संपते. आरएक्स८१२ डिरेल्यूर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ४२ दातांपर्यंतच बनवलेला आहे आणि तुमच्या सायकलवर ११-४२ कॅसेट (सगळ्यात लहान चकती ११ दातांची, मोठी ४२ ची) बहुधा आधीपासूनच आहे. अशा वेळी कॅसेटच्या लहान टोकाला एक दात कमी करायचा आणि पुढची चेनरिंगही लहान करायची, हा उपाय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलणारा खटका) आणि डिरेल्यूर बदलावे लागत नाहीत.

हिशेब असा. ४० दातांची चेनरिंग आणि ११-४२ कॅसेट असताना सगळ्यात जड गिअर ४०/११ म्हणजे ३.६४ आणि सगळ्यात हलका ४०/४२ म्हणजे ०.९५. चेनरिंग ३६ ची आणि कॅसेट १०-४२ केली, तर जड गिअर ३.६० राहतो, म्हणजे उतारावर काही हातचे जात नाही. हलका गिअर मात्र ०.८६ वर येतो, पूर्ण १० टक्के हलका. ४० मिमी टायरच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल आधी २.१ मीटर जायची, ती आता १.९ मीटर जाईल. मिनिटाला ६० फेरे ठेवून ताशी साडेसातऐवजी पावणेसात किलोमीटर वेगाने चढता येते. कमी वाटेल, पण लादलेल्या सायकलवर तासभर चढल्यावर गुडघ्यांना हा फरक नक्की जाणवतो.

अडचण एकच. कॅसेट ज्या भागावर बसते ती फ्रीहब बॉडी मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, असते. १० दातांची चकती शिमानोच्या एचजी प्रकारच्या बॉडीवर बसत नाही, कारण ती बॉडीच तिच्यासाठी जाड पडते. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स१ सेटबरोबर एक्सडी बॉडी आणली. ती आखूड असते आणि लहान चकत्या तिच्या टोकाच्या पुढे येतात, म्हणून १० दात जमतात. रोड आणि ग्रॅव्हल हबसाठी तिचीच १.८५ मिमीने जास्त लांब बहीण आहे, एक्सडीआर. ११-स्पीडमध्ये शिमानो आणि स्रॅमच्या चकत्यांमधले अंतर व्यवहारात सारखेच असते, त्यामुळे शिमानोच्या शिफ्टरवर स्रॅमची १०-४२ कॅसेट, उदाहरणार्थ एक्सजी-११५०, नीट चालते. शिमानोच्या कागदपत्रांत ही जोडी नाही, हे मात्र ध्यानात ठेवूनच काम हाती घ्या.

आधी हब पाहा

सगळे काही हबवर अवलंबून आहे. हब शिमानोचाच असेल तर त्याला एक्सडी बॉडी मिळत नाही, तिथेच थांबा. डीटी स्विस ३५० सारखा हब असेल तर काम सोपे आहे, म्हणून पुढचे सगळे त्याच्याविषयी सांगतो. रोड किंवा ग्रॅव्हल हबला एक्सडीआर घ्या. ती ११-स्पीडच्या रोड एचजी बॉडीइतकीच लांब असल्याने चाक मध्यातून सरकत नाही आणि स्पोकना हात लावावा लागत नाही. बॉडीबरोबर तिची एंड कॅपही (एक्सलच्या टोकावरचे टोपण) हवी, कारण एचजीची एंड कॅप एक्सडीआरला चालत नाही. मागवताना एक्सलचे माप सांगा, १४२ मिमी रुंदी आणि १२ मिमी जाडी वगैरे.

याशिवाय १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी पातळ कडी), कॅसेट कसण्याचा लॉकरिंग पाना, टॉर्क पाना आणि तुमच्या क्रँकच्या बोल्टांना बसणारी ३६ दातांची नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद आणि रुंद दाते असलेली) चेनरिंग लागेल. ३६ मिळाली नाही तर ३८ घ्या. तरीही सगळ्यात हलका गिअर ५ टक्क्यांनी हलका होतो.

बॉडी काढणे

मागचे चाक काढून आडवे धरा, कॅसेट वर. जुनी कॅसेट उतरवायची गरजच नाही. मोठी चकती दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर ओढा. एंड कॅप, कॅसेट आणि बॉडी एकदमच बाहेर येतात. एचजीच्या सुट्या चकत्या अॅल्युमिनियमच्या बॉडीत रुततात आणि मग चेन व्हिपने (कॅसेट धरून ठेवणाऱ्या साखळीच्या पान्याने) झटापट करावी लागते, ती इथे वाचते. ओढताना चाकाखाली पांढरे फडके पसरून ठेवा. आत दाते असलेल्या दोन रॅचेट चकत्या आणि दोन स्प्रिंगा असतात, त्यातली एखादी बॉडीला चिकटून येते आणि नकळत घरंगळते. कोणती कुठल्या बाजूने होती त्याचा आधीच फोटो काढा.

रॅचेट कोरड्या फडक्याने पुसा. बेअरिंगवर रॉकेल किंवा डिग्रीझर मारू नका. दात्यांवर डीटी स्विसचे रॅचेटसाठीचे ग्रीस अगदी पातळ लावा. घट्ट ग्रीस भरले तर रॅचेट जागेवर यायला उशीर करतात आणि चढावर जोर दिला की पायडल निसटते. ग्रीसचे हात ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका.

नवी बॉडी आणि कॅसेट

रॅचेट आणि स्प्रिंगा होत्या तशा ठेवून एक्सडीआर बॉडी हळूहळू फिरवत खाली दाबा, मग एंड कॅप तळहाताने दाबून पक्की बसवा. उलट फिरवल्यावर नेहमीचा टकटक आवाज एकसारखा आला पाहिजे. मध्ये अडखळला तर पुन्हा उघडा.

आता १.८५ मिमीचा स्पेसर बॉडीवर सारा. स्रॅमची ११-स्पीड १०-४२ कॅसेट एक्सडीच्या लांबीसाठी बनलेली असते आणि एक्सडीआरवर तो राहिलेला फरक हा स्पेसर भरून काढतो. आट्यांना ग्रीस लावून कॅसेट बसवा आणि लॉकरिंग पान्याने ४० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करा. इथे अंदाजावर जाऊ नका, टॉर्क पानाच वापरा.

चेन आणि जुळवणी

चेनरिंग बदलली की चेनही छोटी करा. चेनरिंग ४ दातांनी लहान झाली, पण चेन तिच्या निम्म्याच भागाला वेढते, म्हणून फक्त २ कड्या कमी करायच्या, एक आतली आणि एक बाहेरची. शिमानोची ११-स्पीड चेन या कॅसेटवर चालते. १० दातांच्या चकतीवर चेन लोंबत नाही ना, हे मुद्दाम पाहा, कारण डिरेल्यूरला तिथे आधीपेक्षा जास्त ढील ओढून घ्यावी लागते.

चकत्यांची जागा किंचित बदललेली असते, म्हणून डिरेल्यूरची दोन्ही टोकांची हद्द ठरवणारे लिमिट स्क्रू नव्याने लावा. ४२ च्या चकतीवर चेन ठेवून डिरेल्यूरची वरची पुली चकतीपासून ५-६ मिमी दूर राहील असा बी-टेन्शन स्क्रू फिरवा. मग केबलच्या बॅरलने मधले गिअर जुळवा. ४२ वर पायडल उलटे फिरवून चेन उतरते का तेही पाहा.

यापेक्षा हलके हवे असेल तर गणित बदलते. शिमानोचा मेकॅनिकल रोड शिफ्टर आणि स्रॅमचा ईगल (१२-स्पीड) डिरेल्यूर यांची केबल-ओढ वेगळी आहे, त्यामुळे ती जोडी लावू नका. १०-५२ कॅसेटसाठी शिफ्टर आणि डिरेल्यूर दोन्ही स्रॅमच्या वायरलेस एएक्सएसचे घ्यावे लागतात, सोबत ईगल चेन. त्या कॅसेटला हीच एक्सडीआर बॉडी आणि हाच स्पेसर चालतो, म्हणजे आजचा खर्च तेव्हाही वाया जात नाही.

पावसाळ्यात सायकल चिखलातून फिरली असेल तर एंड कॅप ओढून रॅचेट पाहा. ग्रीस करडे पडले किंवा पाणी आत गेले असेल तर पुसून नवे लावा. त्याला कसलाच पाना लागत नाही.