चालता चालता जर्मन ऐकताना

नोकरी सांभाळून जर्मन शिकणाऱ्यांना ऐकण्याच्या सरावासाठी वेगळा वेळ मिळत नाही. तो सकाळच्या फेरीत मिळू शकतो, मात्र चालताना अगदी नवे काही ऐकू नये. डॉइच वेले ही जर्मन प्रसारण संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या लिखित मजकुरासह विनामूल्य उपलब्ध करून देते. त्यातील दोन-तीन मिनिटांचा भाग आदल्या रात्री मजकूर समोर ठेवून एकदा वाचावा, अडलेले शब्द पाहून ठेवावेत आणि सकाळी तोच भाग चार-पाच वेळा ऐकावा.

चालण्याचा वेग असा असावा की धाप न लागता पूर्ण वाक्य उच्चारता येईल, कारण ऐकलेले वाक्य लगेच हलक्या आवाजात म्हणणे हाच यातील खरा सराव आहे. (बागेत लोक वळून पाहतात, चार दिवसांनी पाहत नाहीत.) ‘इश रूफं डिश मॉर्गन आन’, म्हणजे ‘मी तुला उद्या फोन करीन’, या वाक्यात क्रियापदाचा तुकडा ‘आन’ अगदी शेवटी येतो, त्यामुळे तिथवर कान टिकवण्याची सवय लागते. चढावर किंवा जिन्यावर बातम्या थांबवून पायऱ्या जर्मनमध्ये मोजाव्यात. ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’मध्ये ‘एकवीस’प्रमाणेच एकक आधी येत असल्याने मराठी माणसाला ते जड जात नाही.

रस्त्यावर एकच कान इअरफोनला द्यावा, दुसरा वाहनांसाठी मोकळा ठेवावा.