जुन्या एस्प्रेसो मशीनचा पंप थांबत नव्हता: माझा अनुभव

नाशिकमधल्याच एका बंद झालेल्या कॅफेकडून दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं, जुनं एस्प्रेसो मशीन घेतलं. चालू केलं की पंप थांबायचाच नाही आणि वाफेच्या नळीतून पाणी यायचं.

दोष लेव्हल प्रोबमध्ये निघाला. ही बॉयलरमधली स्टीलची साधी कांडी. पाणी तिला टेकलं की पाण्यातून बॉयलरच्या धातूपर्यंत अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि कंट्रोलर पाणी भरणं थांबवतो. माझ्या कांडीवर गिझरच्या कॉइलवर चढतो तसा क्षारांचा जाड थर होता. त्यातून वीज जात नाही, म्हणून पाणी भरतच राहायचं.

प्लग काढून मशीन पूर्ण गार होऊ दिलं, गेजवर दाब शून्य असल्याची खात्री केली. यात घाई नकोच, चालू बॉयलरमध्ये १ बारच्या आसपास दाबाची वाफ असते. प्रोब काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात ठेवला, मग बारीक पॉलिश पेपरने घासला. पंप वेळेवर थांबला, जोरदार वाफ आली! ग्रुपची कडक झालेली रबर गॅस्केटं लगे हात बदलली.

बोअरचं पाणी आता थेट देत नाही, सॉफ्टनर बसवलाय. निव्वळ आरओचं पाणीही टाळा: त्यात क्षार फारच कमी असले तर प्रोबला पाणी कळत नाही आणि हाच त्रास पुन्हा सुरू होतो.