मध्यरात्री मन कोलमडले, तर सकाळची वाट पाहू नका

रात्री दोन वाजता जीव नकोसा होतो, छातीतली धडधड थांबत नाही, डोक्यात एकच विचार घोंघावत राहतो आणि घरातले सगळे झोपलेले असतात. अशा वेळी ‘सकाळी बघू’ असे म्हणून स्वतःला थोपवू नये. शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवावे आणि 14416 हा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली असून ती चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

फोन लागला की आधी ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो. तेवढ्यात हिरमुसून फोन ठेवू नये. पुढे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. काय बोलावे ते सुचत नसेल, तर “मला आत्ता एकटं राहायची भीती वाटतेय” एवढे एक वाक्यही पुरते. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र ते आडवळणाने न सांगता सुरुवातीलाच सांगावेत, कारण पुढची सगळी मदत त्यावर ठरते.

स्वतःला इजा झाली असेल किंवा ती होण्याचा धोका समोर दिसत असेल, तर समुपदेशनाची वेळ नव्हे. 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करावा, नाहीतर जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. पण रात्रीच्या वेळी लांबच्या मनोरुग्णालयापेक्षा जवळचे सिव्हिल हॉस्पिटल बरे. निघताना जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत.

‘पोलीस केस होईल’ या धास्तीने अनेक कुटुंबे उंबरठ्यावरच अडतात, आणि हा उशीर मला सर्वांत घातक वाटतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

सोबत असणाऱ्याने “जीव द्यावासा वाटतोय का?” असे थेट विचारावे, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट दडपलेले बोलायला वाट मिळते. “तुला काय कमी आहे?” हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि घरातली औषधे व शेतीची कीटकनाशके त्याच रात्री कुलूपबंद करावीत किंवा शेजाऱ्यांकडे ठेवावीत.

रुग्णालयातून निघण्यापूर्वी पुढच्या तपासणीची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार, हेही तिथेच ठरवावे.