ताण आणि हृदय: रोज नेमकं काय करायचं

ताण दोन वाटांनी हृदयापर्यंत पोहोचतो. राग आला, धास्ती बसली की ॲड्रेनलीन वाढतं, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. दुसरी वाट सवयींची. ताणातला माणूस कमी झोपतो, सिगारेट वाढवतो, चालणं टाळतो, गोळ्या चुकवतो. दुसऱ्या वाटेने होणारं नुकसान हळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला निरुपयोगी, कारण त्यात करायचं काय ते सांगितलेलंच नसतं.

सुरुवात श्वासाने करा. खुर्चीत पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार सेकंद श्वास आत, मग सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हचा जोर वाढतो आणि नाडी मंदावते, म्हणून सोडण्याला जास्त वेळ. रोज ठरलेल्या वेळी पाच ते दहा मिनिटं पुरेत. बहुतेकांची चूक एकच: ‘खोल’ म्हणजे छाती भरून ओढायचा, असं समजतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर गती तीच ठेवून श्वास उथळ घ्या. आणि हा सराव मन शांत असताना करा. ऐन भांडणात पहिल्यांदा करून पाहिला तर जमणार नाही.

रागाचं वेगळं सांगायला हवं. तीव्र रागाच्या स्फोटानंतर साधारण दोन तास हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि आधीच हृदयरोग असणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. वाद तिथेच थांबवा, खोलीबाहेर पडा, सावकाश चाला. राग काढायचा म्हणून जोरात धावणं किंवा जड वजन उचलणं मात्र नको. राग आणि अतिश्रम एकत्र आले की धोका आणखी चढतो.

व्यायाम आठवड्याला किमान 150 मिनिटं, झपझप चालण्याचा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग बरोबर. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा. झोप सात ते नऊ तास. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्निया तपासून घ्या; त्याने रक्तदाब चढलेला राहतो.

ताणाचा परिणाम मोजायचा तर घरी बीपी बघा, पण नीट. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, तळपाय जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना गप्प बसा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर गेली तर डॉक्टरांना दाखवा. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा खोटा जास्त येतो. आकडा खाली आला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. बीटा ब्लॉकर (नाडी आणि रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या) अचानक थांबवणं तर धोक्याचं आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर श्वासाच्या व्यायामावर भागवू नका. हार्ट अटॅकनंतर नैराश्य अनेकांना येतं. त्याने प्रकृती सुधारायला वेळ लागतो आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीला गेल्यावर हृदयाच्या डॉक्टरांना हेही सांगा.

छातीत दाब, दुखणं हात-जबडा-पाठीकडे जाणं, घाम, धाप: यातलं काही अचानक सुरू झालं तर ‘ताणामुळे असेल’ म्हणत श्वास मोजत बसू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि स्वतः गाडी चालवू नका.