निवृत्तीनंतर परदेशात राहायचे की मायदेशीच: खर्चाची तुलना कशी मांडावी

‘त्या देशात निम्म्या खर्चात राहता येते’ हे वाक्य ऐकले की आधी विचारावे, कुणाच्या खर्चाच्या निम्म्या? राहणीखर्चाचे जे तक्ते सगळीकडे फिरतात ते निवृत्त माणसासाठी बनलेले नसतात. मर्सर या सल्लागार कंपनीचे सर्वेक्षण कर्मचाऱ्यांना परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी असते आणि त्यात न्यूयॉर्क हे आधारशहर धरतात. नुम्बिओ या संकेतस्थळावरचे आकडे त्याला भेट देणारे लोकच भरतात. जागतिक बँकेचे क्रयशक्ती समतेचे, म्हणजे तीच खरेदी वेगवेगळ्या देशांत कितीला पडते याचे, आकडे अख्ख्या अर्थव्यवस्थेचे असतात. सत्तरीतल्या माणसाचा विम्याचा हप्ता, मायदेशी बंद ठेवलेल्या घराचा कर, तातडीने काढलेले विमानाचे तिकीट या गोष्टी त्यांत दिसत नाहीत, आणि तुलना नेमकी तिथेच फिरते. म्हणून तक्ता स्वतःचा, स्वतःच्याच खर्चावरून मांडायचा.

आधी बारा महिन्यांचा खरा खर्च

बँकेची आणि कार्डाची मागच्या पूर्ण वर्षाची विवरणे काढा. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण विमा, घराचा कर, दुरुस्ती आणि प्रवास वर्षातून एकदोनदाच येतात आणि नेमके तेच मोठे असतात. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: दरमहा, दरवर्षी आणि अधूनमधून. तिसऱ्या रकान्यात फ्रिज, गाडी, दातांचे काम, घराची रंगरंगोटी यांची किंमत ती वस्तू किंवा ते काम जितकी वर्षे टिकते तितक्यांनी भागून लिहा. दहा वर्षे टिकणाऱ्या वस्तूचा दहावा हिस्सा दरवर्षीचा.

नोकरीमुळे होणारा खर्च यातून वजा करा: रोजचा प्रवास, कर्जाचे संपत आलेले हप्ते, निवृत्तीसाठीची बचत. हे दोन्हीकडे थांबणारच आहे. पुष्कळ लोक ही वजाबाकी फक्त परदेशच्या बाजूला करतात आणि निवृत्तीमुळे होणारी बचत स्थलांतराच्या खात्यावर मांडतात. तुलना पहिल्याच पायरीला चुकते ती इथे.

काय स्वस्त होते आणि काय होत नाही

प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: हा खर्च स्थानिक माणसाच्या श्रमाचा आहे की जगभर फिरणाऱ्या वस्तूचा? घरकाम, केशकर्तन, दुरुस्ती, शुश्रूषा, स्थानिक वाहतूक हे श्रमाचे खर्च आणि बऱ्याच अंशी घरभाडे त्या देशातल्या मजुरीच्या पातळीवर ठरतात. फोन, संगणक, गाडी, पेटंट असलेली औषधे, विमानाचे तिकीट यांच्या किमती त्या प्रमाणात उतरत नाहीत. आयातशुल्कामुळे कधीकधी चढतातच. अर्थशास्त्रात या फरकाच्या स्पष्टीकरणाला बलासा-सॅम्युअल्सन परिणाम म्हणतात. बलासा आणि सॅम्युअल्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली तो स्वतंत्रपणे मांडला.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्याच्या खर्चात सेवांचा वाटा मोठा, त्याची बचत मोठी. घरचे सगळे स्वतः करणारा आणि वस्तूंवर खर्च करणारा माणूस त्याच देशात गेला तरी त्याला फारसा फरक जाणवणार नाही. दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. तो देश झपाट्याने श्रीमंत होत असेल, तर मजुरी वाढते आणि तुमचा फायदा वर्षागणिक झिजतो. आज जी तफावत दिसते ती पंचवीस वर्षे तशीच राहील असे धरणे म्हणजे तो देश जागचा हलणार नाही असे मानणे.

तिकडचे भाव तिथेच जाऊन घ्या. निदान दोन महिने भाड्याच्या घरात राहा, आणि तेही सर्वांत त्रासदायक हवामानाच्या दिवसांत, कारण वातानुकूलन किंवा घर तापवण्याचा खर्च तेव्हाच कळतो. अनेक ठिकाणी विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढतो, म्हणून दुप्पट वापराचे बिल दुपटीहून जास्त येऊ शकते. घर पसंत पडले की घरमालकाकडे मागच्या बारा महिन्यांची वीजबिले मागा. भाडे नेहमी वर्षभराच्या कराराचे विचारा. पर्यटकांना सांगितलेला दर आणि स्थानिक भाडेकरूचा दर यांत मोठे अंतर असते. अनामत, दलाली आणि इमारतीच्या देखभालीची वर्गणी वेगळ्या ओळींत लिहा.

जुने घर: सगळ्यांत जड ओळ

मायदेशी स्वतःचे घर असेल, तर त्याचे काय करणार हे ठरवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. आकडे मांडून पाहू. मायदेशी जोडप्याचा महिन्याचा सगळा खर्च १०० धरू. त्यात घराची देखभाल आणि कर १५, अन्न २२, वीज-पाणी व घरकाम १३, आरोग्य १४, वाहतूक १२, वस्तू १०, करमणूक व इतर १४. परदेशात घरभाडे १८, अन्न १३, वीज-पाणी व घरकाम ६, आरोग्यविमा व औषधे १६, वाहतूक ५, वस्तू १०, करमणूक व इतर ७. बेरीज ७५. इथपर्यंत चित्र छान दिसते, आणि बहुतेकांची तुलना इथेच थांबते.

आता मायदेशाच्या फेऱ्या ७, निवासपरवाना व कागदपत्रे २, पैसे पाठवताना बँकेकडे जाणारे २. झाले ८६. जुने घर कुलूप लावून ठेवले, तर त्याचा कर व किमान देखभाल ६. एकूण ९२. तेच घर भाड्याने देऊन हातात निव्वळ २० आले, तर ८६ मधून २० वजा, म्हणजे ६६. एकाच स्थलांतरात बचत ८ की ३४ हे केवळ जुन्या घराच्या निर्णयावर ठरले.

इथले २० निव्वळ आहेत. त्यात रिकामे राहणारे महिने, देखरेख करणाऱ्याचा मोबदला, दुरुस्ती आणि कर आधीच वजा आहेत. वर्षाला बारापैकी अकराच महिन्यांचे भाडे धरावे. घर विकणार असाल, तर मिळालेल्या रकमेवरचे उत्पन्न करानंतर मांडा आणि सोबत एक प्रश्न लिहून ठेवा: दहा वर्षांनी परत आलो, तर त्याच वस्तीत घर घेता येईल का? घरांच्या किमती तुमच्या ठेवीपेक्षा वेगाने वाढल्या, तर उत्तर नाही असे येते. आमचे मत असे, की पहिली दोन वर्षे घर विकू नये.

चलन

उत्पन्न एका चलनात आणि खर्च दुसऱ्यात, ही निवृत्त माणसाची सर्वांत मोठी जोखीम. पगारदाराचा पगार कधीतरी वाढतो, पेन्शनवर जगणाऱ्याच्या हातात ते नसते. २०१६ साली ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर पौंड डॉलरच्या तुलनेत एका दिवसात सुमारे ८ टक्क्यांनी घसरला. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोची किंमत १.२० फ्रँकखाली जाऊ न देण्याची मर्यादा काढून टाकली आणि फ्रँक क्षणात महागला. दोन्ही वेळी सामान्य खातेदाराला आधी काही कळले नव्हते.

म्हणून आपल्या तक्त्यावर एक चाचणी घ्या. उत्पन्नाचे चलन २५ टक्क्यांनी घसरले असे माना आणि परदेशी चलनातला खर्च ०.७५ ने भागा. वरच्या उदाहरणात ७५ चे १०० होतात, म्हणजे २५ ची भर पडते. ६६ चे ९१ झाले, ९२ चे ११७. जुने घर भाड्याने देणारे कुटुंब अजून तगून आहे, त्याला कुलूप लावणारे मायदेशीच राहिले असते तर बरे झाले असते. या चाचणीत आकडा उत्पन्नाच्या वर जात असेल, तर स्थलांतर परवडत नाही असेच समजावे.

उलट, त्या देशाचेच चलन घसरते आहे म्हणून आपण फायद्यात, हाही भ्रम. चलन घसरते तिथे महागाई बहुधा पाठोपाठ येते. तुर्कस्तानात ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर होती.

पैसे पाठवण्याचा खर्च शुल्कापेक्षा दरात जास्त दडलेला असतो. एकदा छोटी रक्कम पाठवा, त्याच वेळचा बाजारातला मधला (खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधोमधचा) दर टिपून ठेवा आणि पोहोचलेल्या रकमेशी ताडून पाहा. दोन टक्के गळती म्हणजे पन्नास महिन्यांत एक अख्खा महिना गेला.

आरोग्य आणि शेवटची दहा वर्षे

विम्याचा आजचा हप्ता तक्त्यात लिहून पुढे जाऊ नका. कंपनीकडून ६५, ७०, ७५ आणि ८० या वयांचे आजचे दर लेखी घ्या. कोणत्या वयापर्यंत नवी पॉलिसी मिळते, कोणत्या वयानंतर नूतनीकरण थांबते, जुने आजार वगळले जातात की प्रतीक्षाकाळानंतर धरले जातात, मायदेशी सुटीवर असताना संरक्षण चालू राहते का, हे प्रश्न विचारा. वरच्या उदाहरणातले १६ पंच्याहत्तरीला ३२ झाले, तर बंद घर ठेवणाऱ्याची ८ ची बचत ८ च्या तुटीत जाते.

मायदेशातल्या सरकारी व्यवस्थेचा हक्क सोबत येतो का, हे देशागणिक वेगळे असते. अमेरिकेची मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च अगदी थोडे अपवाद सोडता देत नाही. युरोपीय संघात मात्र एका देशाची सरकारी पेन्शन घेणारा दुसऱ्या सदस्यदेशात एस१ हा फॉर्म देऊन तिथल्या आरोग्यव्यवस्थेत नोंदणी करू शकतो आणि खर्च पेन्शन देणारा देश उचलतो. परत आल्यावर हक्क लगेच सुरू होतो की काही महिने थांबावे लागते, हेही विचारून ठेवा.

शुश्रूषेची ओळ बहुतेक तक्त्यांत नसतेच. घरी येणारी परिचारिका स्वस्त असलेल्या देशात हीच ओळ स्थलांतराच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा ठरू शकते. पण स्मृतिभ्रंश झालेला माणूस उतारवयात शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरतो. त्याची मातृभाषा बोलणारी परिचारिका तिथे मिळेल का आणि कितीला, तो भाव लिहा.

परवाना आणि कर

परवान्याचे शुल्क किरकोळ असते, अडकवून ठेवावी लागणारी रक्कम मात्र किरकोळ नसते. थायलंडच्या निवृत्ती परवान्यासाठी वय ५० पूर्ण हवे आणि बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. अशा ठेवीवर घरी जे व्याज मिळाले असते ते तक्त्यात खर्च म्हणून मांडा. नियम बदलतात, हेही धरून चाला. मलेशियाने २०२१ मध्ये आपल्या दीर्घकालीन निवास योजनेची परदेशी उत्पन्नाची अट महिना १० हजार रिंगिटवरून थेट ४० हजारांवर नेली. पोर्तुगालची नव्या रहिवाशांसाठीची करसवलत २००९ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये नव्याने येणाऱ्यांच्या परदेशी पेन्शनवर १० टक्के कर लागला आणि २०२४ पासून ती योजना थोडे संक्रमणकालीन अपवाद वगळता नव्या अर्जदारांना बंद झाली. सवलत मिळाली नाही तर किती कर बसेल, ती ओळ शेजारीच ठेवा.

वर्षात १८३ दिवस राहिले की बऱ्याच देशांत माणूस करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी, ठरतो. अमेरिका मात्र आपल्या नागरिकांना ते कुठेही राहोत, करविवरण भरायला लावते. दुहेरी कर टाळण्याचा करार दोन देशांत असेल, तर त्यातले पेन्शनचे कलम वाचा. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या नमुना करारानुसार खासगी पेन्शनवर राहत्या देशात कर लागतो, सरकारी नोकरीच्या पेन्शनवर सर्वसाधारणपणे पेन्शन देणाऱ्या देशात.

पेन्शन दरवर्षी वाढते का, हेही पाहा. ब्रिटनची सरकारी पेन्शन कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहायला गेलेल्यांची वाढत नाही. अशी गोठलेली पेन्शन ३ टक्के महागाईत वीस वर्षांनी आजच्या सुमारे ५५ टक्के किमतीची उरते.

परतीसकट हिशेब

जाण्याचा एकरकमी खर्च काढा: सामान, विमानतिकिटे, अपोस्टिल (कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणीकरण) व भाषांतरे, अनामत, दोन्हीकडचे दुहेरी भाडे, नवे घर लावणे. मग परत येण्याचा तसाच खर्च काढा आणि दोन्हींची बेरीज महिन्याच्या बचतीने भागा. जायला २४० आणि परतायला २०० लागत असतील, तर ३४ बचतीच्या कुटुंबाचे पैसे तेरा महिन्यांत वसूल होतात, ८ बचतीच्या कुटुंबाला पंचावन्न महिने लागतात. हे २०० मायदेशाच्या चलनात वेगळ्या खात्यात ठेवावेत. आजारी माणसाला परत आणायची वेळ आली की नेमके तेव्हाच बाकीचे पैसे गुंतलेले असतात.

शेवटी वर्षांची ओळ आखा, आजपासून वयाच्या ९० पर्यंत. नेहमीच्या खर्चाला त्या देशाची महागाई लावा आणि आरोग्याला वेगळी, चढी. ३ टक्क्यांनी खर्च चोवीस वर्षांत दुप्पट होतो, ६ टक्क्यांनी बारा वर्षांत. आणि हाच तक्ता दुसऱ्यांदा मांडा, एकट्या जोडीदारासाठी. पेन्शन निम्मी होऊ शकते, घरभाडे तेवढेच राहते, आणि परवाना वारलेल्या जोडीदाराच्या नावावर असेल, तर मागे राहिलेल्याला देश सोडायला किती दिवस मिळतात हे आधीच लेखी विचारून घ्यायला हवे.