पाच वर्षांना चार महिने कमी

सप्टेंबर २०१४ मध्ये चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात मी रुजू झाले, तेव्हा माझे मूळ वेतन ११,००० रुपये होते. एप्रिल २०१९ अखेर राजीनामा दिला, तेव्हा ते १८,००० झाले होते. पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) खात्यात दीड लाखाहून थोडी अधिक रक्कम साचली होती. पुढची नोकरी ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि मधल्या तीन महिन्यांत, घरखर्चाला लागतील म्हणून, मी ते सगळे पैसे काढून घेतले. त्यातले जेमतेम ४०,००० खरोखर घरखर्चाला लागले. उरलेले कुठे गेले, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

पगारातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो, हे नव्याने नोकरीला लागलेल्यांनाही ठाऊक असते. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधी रक्कम काढली तर ती करपात्र ठरते, हेही बहुतेकांनी ऐकलेले असते. मीही ऐकले होते. मात्र ‘करपात्र’ या शब्दाचा अर्थ मी ‘थोडासा टीडीएस (पैसे हाती येण्याआधीच कापला जाणारा कर) कापला जाईल’ एवढाच घेतला आणि तिथेच फसले.

पाच वर्षांच्या आत ५०,००० किंवा अधिक रक्कम काढली की १० टक्के टीडीएस कापला जातो. तो टाळण्यासाठी १५-जी हे घोषणापत्र भरायचे, असे कार्यालयातल्या एका अनुभवी सहकाऱ्यांनी मला सांगितले. ‘तुझे उत्पन्न यंदा पाच लाखांच्या आतच राहणार, मग कर येईल कुठून? सगळेच भरतात,’ हे त्यांचे शब्द. त्या वर्षी ५ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ८७-ए कलमाखाली पूर्ण सूट होती आणि दोन्ही नोकऱ्यांचे वेतन धरून, वजावटी वगळून माझे उत्पन्न ४,८०,००० च्या आसपास येत होते, म्हणजे हिशेब वरवर बरोबर होता. पण १५-जी भरताना वर्षाच्या एकूण उत्पन्नावरील कर शून्य असावा लागतो आणि त्या एकूण उत्पन्नात, जी रक्कम आपण काढत आहोत तिचा करपात्र भागसुद्धा मोजायचा असतो. मालकाने भरलेली रक्कम आणि तिच्यावरील व्याज वेतन म्हणून धरले जाते, स्वतःच्या वर्गणीवरील व्याज इतर उत्पन्नात जाते आणि स्वतःच्या वर्गणीवर पूर्वी घेतलेली ८०-सी कलमाखालची वजावटही मागे घेतली जाते. माझ्या बाबतीत नुसत्या पहिल्या दोन बाबी मिळून सुमारे ५५,००० रुपये झाल्या. उत्पन्न ५,३५,००० वर गेले आणि पाच लाखांची रेषा ओलांडताच सूट थोडीथोडकी कमी झाली नाही, ती पूर्णच गेली. कर आला २०,२८० रुपये. पंचावन्न हजारांच्या उत्पन्नावर वीस हजारांचा कर! हा हिशेब मी तीनदा करून पाहिला होता.

टीडीएस कापला गेला नाही, म्हणून मी प्राप्तिकर विवरणपत्रात त्या रकमेचा उल्लेखच केला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये गृहकर्जाच्या कागदपत्रांसाठी एका सीएंकडे गेले, तेव्हा त्यांनी २६-एएस हे आपल्या नावावरील करकपातीची नोंद दाखवणारे पत्रक उघडून १५-जी भरलेल्या रकमांचा वेगळा भाग मला दाखवला. कर न कापलेली रक्कमसुद्धा प्राप्तिकर खात्याला दिसत असते, हे मला त्या दिवशी कळले. माझे स्पष्ट मत आहे की, कार्यालयातला फुकटचा सल्ला हा सर्वांत महाग सल्ला असतो. सीएंना दिलेले दीड हजार रुपये मला त्या वेळी जड वाटले होते. दोन वर्षे आधी दिले असते, तर कितीतरी वाचले असते.

खरे तर मार्ग सोपा होता. जुन्या खात्याची रक्कम त्याच यूएएनवरून (पीएफच्या कायम क्रमांकावरून) नव्या खात्यात हस्तांतरित केली असती, तर आधीची सेवा मोजली गेली असती आणि नव्या नोकरीत चारच महिन्यांत पाच वर्षे भरली असती. त्यानंतर काढलेल्या रकमेवर कर लागला नसता. आजारपणामुळे किंवा कंपनी बंद पडल्यामुळे नोकरी गेली, तर पाच वर्षांआधीही कर लागत नाही. पण मी स्वतः राजीनामा दिला होता. नोकरी सुटली म्हणून खाते मरत नाही, त्यावर व्याज जमा होतच राहते, फक्त नोकरी नसलेल्या काळातील व्याज करपात्र असते. त्यामुळे पैशांची खरोखर निकड नसेल, तर घाबरून अर्ज करण्याचे काहीही कारण नाही.

पेन्शनचे नुकसान मला त्याहून उशिरा उमगले. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात, तेही १५,००० च्या वेतनमर्यादेपर्यंतच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५०. दहा वर्षांची सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. मी १०-सी अर्ज भरून हाही पैसा काढून घेतला आणि योजनेतून बाहेर पडले. नव्या नोकरीत मूळ वेतन १५,००० च्या वर होते आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर त्या वेतनावर नव्याने येणाऱ्याला या योजनेत प्रवेश नाही. सूत्राप्रमाणे १५,००० ला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे असते; तीस वर्षांच्या सेवेला सुमारे ६,४०० रुपये येतात. रक्कम मोठी नाही, हे मान्य आहे, पण ती आयुष्यभराची होती. आता मालकाचा पूर्ण वाटा पीएफमध्येच जातो, एवढा दिलासा आहे. १०-सीमध्येच पैशांऐवजी, आधीची सेवा शाबूत ठेवणारे योजना प्रमाणपत्र मागण्याचा पर्याय असतो. तो मी वाचलाही नव्हता.

गुंतवणुकीबद्दल फार लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगते की ८ टक्के दराने पैसा सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होतो, म्हणून हात न लावलेले दीड लाख सत्तावीस वर्षांत १२ लाखांच्या घरात गेले असते.

नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून करसवलतीची रेषा १२ लाखांवर आहे आणि ती किंचित ओलांडणाऱ्यांना आता सीमांत सवलत (रेषेवरच्या उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ न देणारी) मिळते, त्यामुळे माझ्यासारखा कडेलोट तिथे होत नाही. मात्र शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट लागू नाही, हे बारा लाखांच्या भरवशावर शेअर विकणाऱ्या नवख्यांनी आधी पाहावे.

ज्यांनी पैसे काढून उल्लेख केलेला नाही, त्यांनी हातपाय गाळू नयेत. मला मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता आले, म्हणून कर आणि दरमहा १ टक्का व्याज एवढ्यावर भागले. ती मुदत टळली असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरता येते. २०२५ पासून त्यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यावर चार वर्षांपर्यंत अवधी आहे, फक्त जादा कर २५ टक्क्यांपासून सुरू होऊन उशिरागणिक ७० टक्क्यांपर्यंत चढतो.