रोमानियन मॉडर्न आर्टवर थिसिस करताय? मग आधी आंद्रेएस्कू बघा

ॲडमिशनचा सीझन आला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, ईस्ट युरोपवर काहीतरी करायचंय, रोमानिया घेऊ का, आणि पुढच्याच ओळीत शिल्पकार ब्रांकुशी. घ्या की, कोण नाही म्हणतंय, पण त्याच्यावर एवढं लिहून झालंय की तुमच्या वाटेला उष्टंच येणार. तो 1898 ते 1902 बुखारेस्टच्या ज्या आर्ट स्कूलमध्ये शिकला ते 1864 मध्ये तेओदोर अमान आणि तात्तारेस्कू या दोन चित्रकारांनी उभं केलं, आणि त्याच स्कूलच्या सुरुवातीच्या मुलांमध्ये एक होता चित्रकार इऑन आंद्रेएस्कू. जन्म 1850, क्षयाने गेला 1882 मध्ये, म्हणजे उणंपुरं दहा वर्षांचं काम. माझा थिसिस त्याच्यावर आहे, अजून चालूच आहे, तेव्हा खालचं सगळं त्याच वैतागात लिहिलंय असं समजा.

आता तो खड्डा ज्यात जवळपास सगळे पडतात, मीही पडले. आंद्रेएस्कू 1879 ला पॅरिसला पोचला, अकादमी ज्युलियाँ या खासगी आर्ट स्कूलमध्ये नाव घातलं, मग पॅरिसजवळच्या बार्बिझोंला, म्हणजे निसर्गचित्रकारांच्या त्या प्रसिद्ध गावात जाऊन झाडं आणि रानवाटा रंगवत बसला. तिथल्या मोठ्या चित्रकारांच्या तारखा तुम्हाला पाठ असतीलच, थेओदोर रूसो 1867 ला गेलेला, कोरो आणि मिले दोघंही 1875 ला, इंप्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शनसुद्धा 1874 ला होऊन गेलेलं. की लगेच आपण लिहून मोकळे, "बार्बिझोंचा उशिरा आलेला अनुयायी". वाक्य दिसतं छान, तारखाही बरोबर, आणि तरी पूर्ण चॅप्टर वाया जातो कारण तुम्ही बुखारेस्टचा माणूस पॅरिसच्या कॅलेंडरवर मोजलात.

बुखारेस्टचं कॅलेंडर वेगळं लावून बघा. तो जन्मला तेव्हा तिकडे चित्रकाराचं पोट भरायचं ते चर्चच्या भिंतींवर, आयकॉन्सवर आणि बड्या जमीनदारांच्या पोर्ट्रेट्सवर. पुढे रोमानियाचा सगळ्यात गाजलेला चित्रकार झालेला ग्रिगोरेस्कूसुद्धा पोरवयात आयकॉन विकायचा आणि 1861 ला पॅरिसला निघायच्या आधी आगापिया मठाच्या भिंती रंगवून झाला होता. 1859 ला मोल्दाविया आणि वालाखिया ही दोन संस्थानं एका राज्यकर्त्याखाली आली, 1877 ला स्वातंत्र्य, 1881 ला किंगडम. नव्या देशाला नायक हवे होते, म्हणून अमानने वालाखियाचा जुना राजा शूर मिहाय आणि लढाया रंगवल्या, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्याच काळात एक जण, म्हणजे आपला आंद्रेएस्कू, 1872 पासून बुझाऊसारख्या गावात ड्रॉइंग आणि सुलेखन शिकवतोय आणि उरलेल्या वेळात गावाची कड, चिखलाचा रस्ता, द्रागायकाची जत्रा असलं रंगवतोय, ज्यात ना राजा ना संत. तिथे रिॲलिझम म्हणजे मॉडर्नच्या आधीची पायरी नव्हे, तिथे मॉडर्न म्हणजेच हे होतं. आणि बुझाऊचं काम पॅरिसच्या आधीचं आहे हो! तो करडा, आखडता रंग आणि रिकामं आभाळ त्याने फ्रान्समधून आणलं नाही, सोबत घेऊन गेला. हे एवढ्या वेळा सांगतेय कारण व्हायवामध्ये नेमकं हेच विचारतात.

ग्रिगोरेस्कू टाळता येत नाही, टाळूही नका. रोमानियाच्या दहा लेईच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे, यावरून काय ते समजा. 1877 च्या स्वातंत्र्ययुद्धात तो आर्मीबरोबर फ्रंटवर जाऊन स्केचेस करत होता, त्यातून पुढे 1885 चं 'स्मर्दानचा हल्ला' झालं. त्यात घोड्यावरचा सेनापती शोधत बसू नका, साधे सैनिक धुरातून थेट आपल्या अंगावर धावत येतात. तेच त्याच्या शेवटच्या काळातल्या बैलगाड्या, उजेडच उजेड आणि हसऱ्या मेंढपाळणी... मला कंटाळा येतो, झालं. तो गेला जुलै 1907 मध्ये आणि त्याच वर्षी वसंतात रोमानियाच्या शेतकऱ्यांचा उठाव चिरडला गेला होता, तो रंगवला ओक्ताव बंचिलाने. पटत नसेल तर भांडा, पण आंद्रेएस्कूला "ग्रिगोरेस्कूचा शिष्य" कुठेही लिहू नका. बार्बिझोंला दोघं एकत्र काम करत होते एवढंच, तो शिकला अमानकडे.

शॉर्टकट्सचं म्हणाल तर एकच आहे, रोमानियन शिका. फ्रेंच येत असेल तर वाचण्यापुरती पटकन येते, घाबरू नका. ट्रान्सलेटर लावून आख्खा लेख वाचणारे लगेच ओळखू येतात. कॅटलॉग सर्च करताना, उदाहरणार्थ, चित्रकार श्तेफान लुकिआनचं नाव दोन्ही स्पेलिंगने टाका, कारण जुन्या फाइल्समध्ये एसखाली सेडिला (छोटा आकडा) असतो आणि नव्यात स्वल्पविराम, आणि बऱ्याच सर्चना ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. ऑक्शन साइटवरचे फोटो पुरावा म्हणून अजिबात वापरू नका, ग्रिगोरेस्कूच्या नावावर बनावट माल ढिगाने फिरतो.

आणि फोनवर बघून रंगाबद्दल लिहू नका, प्लीज. 'बार्बिझोंमधला हिवाळा' स्क्रीनवर नुसता पांढरा दिसतो. बुखारेस्टच्या जुन्या राजवाड्यात आता नॅशनल म्युझियम आहे, तिथे आंद्रेएस्कूसमोर उभं राहिलं की कळतं की त्याच्या पांढऱ्यात किती राखाडी आणि पिवळट मिसळलंय. जायला जमणार नसेल तर रंगाऐवजी रचनेवर लिहा, त्यानेही मार्क्स मिळतात, खरंच.

गाईडबद्दल एकच. "त्यापेक्षा फ्रेंच पेंटर घे, मटेरियल मिळेल" म्हणणारा गाईड सोयीचं सांगतो, तुमच्या नाही, त्याच्या. विषय मात्र छोटा ठेवा. फक्त बुझाऊची वर्षं, किंवा आंद्रेएस्कूचं 'ओक' हे एकच चित्र, किंवा त्याची हिरवा रुमाल बांधलेली शेतकरीण आणि ग्रिगोरेस्कूची एखादी शेतकरीण शेजारी ठेवून. यातलं काही उचललंत तर सिनॉप्सिस पाठवा, वाचून सांगते.